‘वर्षाला एक टक्का’ – पण कुणाचा? सिरॉसिसवरचा एक गाजलेला पेपर पुन्हा वाचताना



पेपर-वाचनाच्या या मालिकेत यावेळी असा एक पेपर घेतलाय, जो यकृतावर काम करणारा जवळपास प्रत्येकजण उद्धृत करतो. मीही केला होता. पहिल्याच सिनॉप्सिसमध्ये, अगदी पहिल्या पानावर. आणि त्याच एका वाक्यामुळे माझी सिनॉप्सिस परत आली. दोष पेपरचा कमी आणि माझ्या वाचनाचा जास्त होता, म्हणून आधी तो किस्सा सांगते.

विभागातल्या सादरीकरणात माझी स्लाइड होती: ‘सिरॉसिसच्या पहिल्या टप्प्यात वर्षाला मृत्यूचं प्रमाण १ टक्का.’ मॅडमनी विचारलं, “हा एक टक्का कुणाचा?” मी म्हटलं, “सिरॉसिसच्या पेशंटचा.” त्या म्हणाल्या, “नुसता सिरॉसिस झालेला पेशंट मी अजून पाहिलेला नाही. कुणाला दारूने झालेला असतो, कुणाला हिपॅटायटिस बी ने, कुणाला साखर आणि चरबीने. तुझा यातला कुठला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेपरचा सारांश वाचला होता, आतला तक्ता आकडा उचलण्यापुरता पाहिला होता.

त्यानंतर तो पेपर तीन वेळा वाचला. त्यातून जे कळलं ते इथे मांडते.

आधी थोडी पार्श्वभूमी

सिरॉसिस म्हणजे यकृतात जखम-भरणं-जखम असं वर्षानुवर्षं चालून शेवटी सगळीकडे व्रणाच्या पेशीजालाचे पट्टे आणि मधे गाठी तयार होणं. यातून दोन गोष्टी घडतात. यकृताचं काम कमी होतं, आणि आतड्याकडून यकृतात येणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो. दाब वाढला की अन्ननलिकेतल्या नसा फुगतात (व्हेरायसेस), पोटात पाणी होतं (जलोदर), नसा फुटून रक्ताची उलटी होते, मेंदूवर परिणाम होऊन पेशंट भ्रमिष्टासारखा वागतो (हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी).

जोवर जलोदर, रक्तस्राव, भ्रम किंवा कावीळ झालेली नाही तोवर आजाराला ‘कॉम्पेन्सेटेड’ म्हणतात. यकृत कसंबसं निभावून नेतंय. यातलं काहीही झालं की ‘डीकॉम्पेन्सेटेड’. या पोस्टमध्ये हे दोन शब्द सारखे येतील, तेव्हा लक्षात ठेवा.

पेपर काय सांगतो?

डी’आमिको, गार्सिया-त्साओ आणि पाल्यारो या तिघांचा हा पेपर २००६ साली ‘जर्नल ऑफ हेपॅटॉलॉजी’मध्ये आला. सिरॉसिसमध्ये कोण किती जगतो आणि ते कशावरून ओळखता येतं, यावरच्या ११८ अभ्यासांचा हा पद्धतशीर आढावा आहे. सगळीकडे उद्धृत होतात ते चार टप्पे असे:

टप्पा १: फुगलेल्या नसा नाहीत, जलोदर नाही. वर्षाला मृत्यू १ टक्का.
टप्पा २: नसा फुगल्यात, पण फुटलेल्या नाहीत, जलोदर नाही. ३.४ टक्के.
टप्पा ३: जलोदर आहे, रक्तस्राव नाही. २० टक्के.
टप्पा ४: रक्तस्राव झालाय, जलोदर असो वा नसो. ५७ टक्के.

सोबत आणखी एक आकडा: कॉम्पेन्सेटेड अवस्थेतल्या पेशंटचं मध्यक आयुर्मान १२ वर्षांहून जास्त, डीकॉम्पेन्सेटेड झालं की साधारण २ वर्षं.

या पेपरचं श्रेय मान्य केलंच पाहिजे. त्याआधी ‘सिरॉसिस झालाय’ म्हटलं की एकाच शेवटाकडे जाणारा आजार असं चित्र डोक्यात यायचं. या तिघांनी ठामपणे दाखवलं की कॉम्पेन्सेटेड आणि डीकॉम्पेन्सेटेड यांना दोन वेगळे आजार समजूनच अभ्यासायला हवं, दोघांचे भविष्य सांगणारे घटकही वेगळे आहेत. आज आपण औषधाच्या चाचण्यांत हे दोन गट वेगळे ठेवतो, त्यामागे या पेपरचा मोठा हात आहे.

आता अडचणींकडे वळू.

पहिली अडचण: ११८ अभ्यास, पण टप्पे दोनच कोहॉर्टमधून

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली होती. मला वाटलं, चार टप्प्यांचे आकडे ११८ अभ्यासांच्या बेरजेतून आलेत. तसं नाही. आढावा ११८ अभ्यासांचा आहे, पण टप्प्याटप्प्याने पुढे सरकण्याचे हे आकडे इटलीतल्या दोन कोहॉर्टमधून काढलेत: एक ११५५ पेशंटचा, दुसरा ४९४ चा. मिळून १६४९.

११५५ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला १९८६ साली. हिपॅटायटिस सी चा विषाणू शोधला गेला १९८९ साली. म्हणजे ते पेशंट गोळा करताना कुणाला सी आहे हे तपासायची सोयच नव्हती. आणि दक्षिण इटली हा हिपॅटायटिस सी बऱ्यापैकी पसरलेला भाग. त्यामुळे कारणानुसार वेगळं काढणं त्या काळात धड शक्यच नव्हतं. लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण २०२० नंतर आपण तो आकडा उचलून दारूच्या पेशंटला लावतो, तेव्हा दोष आपला.

दुसरी अडचण: कारण बदललं की आकडा किती हलतो?

इथे शेजारी ठेवायचा पेपर म्हणजे डेन्मार्कच्या येप्सेन आणि सहकाऱ्यांचा, २०१० चा, ‘हेपॅटॉलॉजी’मधला. ४६६ पेशंट, सगळे दारूमुळे झालेल्या सिरॉसिसचे. निदान झालं त्या क्षणी फक्त २४ टक्के लोकांना कुठलीही गुंतागुंत नव्हती. ५५ टक्के लोक जलोदर घेऊनच आले होते.

आणि ज्यांना कुठलीही गुंतागुंत नव्हती, त्यांच्यात एका वर्षात मृत्यूचं प्रमाण होतं १७ टक्के. रक्तस्राव झालेल्यांत २०, जलोदर झालेल्यांत २९, दोन्ही झालेल्यांत ४९, आणि एन्सेफॅलोपॅथी झालेल्यांत ६४ टक्के. पाच वर्षांतलं प्रमाण गटानुसार ५८ ते ८५ टक्के.

एकीकडे १ ते ३.४, दुसरीकडे १७. पाहिल्यावर मी लगेच लिहिणार होते, ‘इटालियन आकडा चुकला!’ थांबा. असं लिहायचं नसतं. आधी बघायचं, दोन आकडे एकच गोष्ट मोजतात का?

मोजत नाहीत. इटालियन १ टक्का म्हणजे पहिल्या टप्प्यातून थेट मृत्यूकडे गेलेले लोक. त्याच टप्प्यातून वर्षाला ७ टक्के लोकांच्या नसा फुगतात आणि ४.४ टक्के लोकांना जलोदर होतो. ते पुढच्या टप्प्यात मोजले जातात, मग तिथे मृत्यू झाला तर तो पुढच्या टप्प्याच्या खात्यावर. डॅनिश १७ टक्क्यांत मात्र सुरुवातीला गुंतागुंत नसलेला माणूस वर्षाच्या आत कुठल्याही वाटेने गेला तरी तो धरलाय. म्हणजे पहिला आकडा ‘या स्टेशनवरून थेट’ आहे, दुसरा ‘या स्टेशनवर गाडीत बसलेले, मग कुठेही उतरोत’ असा.

मग तुलना करायची कशी? बरीचशी जुळणारी गोष्ट शोधायची. २००६ च्या पेपरप्रमाणे कॉम्पेन्सेटेड पेशंटचं मध्यक आयुर्मान १२ वर्षांहून जास्त. म्हणजे १२ वर्षांनीही निम्म्याहून जास्त लोक जिवंत. डॅनिश अभ्यासात सगळ्यात बऱ्या गटातही ५ वर्षांत निम्म्याहून जास्त गेलेले. या तुलनेत वाट कुठली हा प्रश्न येत नाही, फक्त जगलं की नाही एवढंच आहे. आणि तरीही फरक प्रचंड उरतो.

येप्सेन यांचा दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दारूच्या सिरॉसिसमध्ये गुंतागुंतींचा ठरावीक क्रमच दिसत नाही. आधी नसा, मग पाणी, मग रक्त, असा जिना चढत लोक जात नाहीत. चार टप्प्यांची आकृती पाहताना डोळ्यांना मात्र जिनाच दिसतो.

तिसरी अडचण: घड्याळ कधी सुरू केलं?

आता उलट बाजूने विचार करा. दारूचा सिरॉसिस खरंच इतका वेगाने पुढे जातो, की दारूचे पेशंट उशिरा येतात?

हिपॅटायटिस सी चा माणूस बरेचदा योगायोगाने सापडतो. रक्तदानात, ऑपरेशनआधीच्या तपासणीत. तो सुदृढ दिसत असतानाच घड्याळ सुरू होतं. फात्तोविच आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली युरोपातले ३८४ पेशंट पाहिले, सगळे हिपॅटायटिस सी चे आणि कॉम्पेन्सेटेड. ५ वर्षांत जिवंत ९१ टक्के, १० वर्षांत ७९. त्याच गटाने १९९४ मध्ये हिपॅटायटिस बी चे ३६६ कॉम्पेन्सेटेड पेशंट पाहिले होते: ५ वर्षांत ८४, १० वर्षांत ६८ टक्के.

दारूचा माणूस मात्र पोट फुगल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही. घरचे सांगून थकतात, तो ‘मला काय धाड भरलीय’ म्हणतो. म्हणून डॅनिश अभ्यासात तीन चतुर्थांश लोक गुंतागुंत घेऊनच आले. ज्याचं घड्याळ उशिरा सुरू केलं तो लवकर गेल्यासारखा दिसणारच. याला ‘लीड टाइम’चा घोळ म्हणतात. कारणानुसार वेग मोजणाऱ्या प्रत्येक अभ्यासाला हा प्रश्न विचारा: निदान कसं झालं, आणि आजाराच्या कुठल्या वळणावर?

माझं मत असं की डॅनिश फरकाचा काही भाग घड्याळाचा आहे, पण सगळा नाही. दारू चालू असेल तर सिरॉसिसवर अल्कोहोलिक हिपॅटायटिसची वेगळी धाड पडू शकते, आणि ती काही आठवड्यांत माणूस नेऊ शकते. शिवाय संसर्ग, अपघात, इतर अवयवांचं नुकसान हे सगळं सोबत असतं.

चौथी अडचण: ५७ टक्क्यांचं भूत

चौथ्या टप्प्याचा ५७ टक्के हा आकडा स्लाइडवर फार भेदक दिसतो. पण पेपरमध्येच लिहिलंय की यातले जवळपास निम्मे मृत्यू पहिल्या रक्तस्रावानंतरच्या सहा आठवड्यांत होतात. म्हणजे ही वर्षभर सारख्या वेगाने पडणारी गळती नाही. सुरुवातीला मोठा कडा आणि मग उतार. जो सहा आठवडे तगला त्याला ५७ टक्के सांगणं चूक आहे.

शिवाय तो कडा काळाबरोबर बुटका झालाय. पॅरिसच्या एका रुग्णालयातल्या नोंदी कार्बोनेल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये छापल्या: नसा फुटून आलेल्या सिरॉसिसच्या पेशंटमध्ये रुग्णालयातले मृत्यू १९८० साली ४२.६ टक्के, २००० साली १४.५. एंडोस्कोपीतून नस बांधणं, अँटिबायोटिक, रक्तवाहिन्या आकसवणारी औषधं, यांचा हा परिणाम.

आणि खरी गंमत पुढे आहे. डी’आमिको यांनीच २०१४ साली त्या ४९४ पेशंटच्या २५ वर्षांच्या कोहॉर्टचं पुन्हा विश्लेषण केलं, यावेळी स्पर्धक जोखमींची पद्धत वापरून. (साध्या कॅप्लन-मायर पद्धतीत जलोदर होण्याआधी मृत्यू पावलेला माणूस ‘पुढे कधीतरी जलोदर होईलच’ अशा यादीत राहतो आणि आकडा फुगतो.) टप्पे पाच झाले, आणि क्रमच बदलला. नुसता रक्तस्राव तिसऱ्या टप्प्यावर आला: ५ वर्षांत मृत्यू २० टक्के. जलोदरासारखी रक्तस्रावाशिवायची पहिली गुंतागुंत चौथ्यावर: ३० टक्के. कुठलीही दुसरी गुंतागुंत झाली की पाचवा टप्पा: ८८ टक्के.

२००६ मध्ये रक्तस्राव जलोदराहून भयंकर होता. २०१४ मध्ये उलटं. कारण आधीच्या चौथ्या टप्प्यात नुसता रक्तस्राव झालेले आणि रक्तस्राव अधिक जलोदर असलेले एकाच पोत्यात होते. ज्या माणसाने आकृती काढली, त्यानेच ती बदलली. तरीही आज कितीतरी थीसिसमध्ये जुनीच आकृती चिकटवलेली दिसते. माझ्याही होती.

मग मुद्दा काय?

मला जे सांगायचंय ते असं: टप्पा हा पेशंट *कुठे* आहे ते सांगतो. तो किती वेगाने पुढे जाईल हे सांगायला दोन गोष्टी लागतात. कारण कुठलं, आणि ते कारण अजून चालू आहे की थांबलंय. यातली दुसरी गोष्ट बहुतेक तक्त्यांत नसतेच.

हिपॅटायटिस बी चं उदाहरण घ्या. मार्सेलाँ आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये टेनोफोविर पाच वर्षं घेतलेल्या पेशंटच्या बायोप्सी छापल्या. सुरुवातीला ९६ जणांना सिरॉसिस होता. पाच वर्षांनी त्यातल्या ७१ जणांच्या बायोप्सीत तो उरला नव्हता. म्हणजे ७४ टक्के. विषाणू दाबला तर आजार मागेही सरकतो. १९९४ चा ‘१० वर्षांत ६८ टक्के’ हा आकडा या लोकांना लावता येईल का? नाही. निदान तेच, कारण तेच, पण कारणाचा नळ बंद केलाय.

दारूचंही तसंच. पॉवेल आणि क्लॅट्स्किन यांचा १९६८ चा जुना अभ्यास आहे: दारू सोडलेल्यांत ५ वर्षांनी जिवंत ६३ टक्के, चालू ठेवलेल्यांत सुमारे ४० टक्के. दिशा बरोबरच आहे, पण विद्यार्थी म्हणून इथेही एक खाच बघा. ‘सोडली’ अशी नोंद व्हायला माणूस काही काळ जगावा लागतो. जो निदानानंतर महिन्याभरात गेला, त्याला सोडायची संधी मिळालीच नाही, तो आपोआप ‘चालू’ गटात जातो. असं वर्गीकरण असलं की सोडण्याचा फायदा खऱ्याहून थोडा मोठा दिसू शकतो. फायदा नाही असं मी म्हणत नाहीये, तो मोजताना घड्याळ नीट लावा एवढंच म्हणतेय.

चरबीमुळे होणाऱ्या सिरॉसिसची गोष्ट तिसरीच. सन्याल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा १५२ पेशंटची तुलना हिपॅटायटिस सी च्या १५० पेशंटशी केली. चाइल्ड-ए म्हणजे यकृताचं काम शाबूत असलेल्या गटात दहा वर्षांत चरबीवाल्या ७४ पैकी ३ गेले, सी वाल्या ७५ पैकी १५. वाटतं, हा तर सौम्य आजार. पण हृदयविकाराने गेलेले बघा: १५२ पैकी ८ विरुद्ध १५० पैकी १. यकृत हळू चालत होतं, पण मधुमेह आणि रक्तवाहिन्या वाट पाहत बसल्या नव्हत्या. शिवाय सी चे ते पेशंट आजच्या विषाणू घालवणाऱ्या गोळ्यांच्या आधीचे. आज तुलना केली तर उत्तर वेगळं येईल.

२०२२ मध्ये आलेल्या बावेनो-७ या सहमतीच्या दस्तऐवजात हा विचार आता नियमासारखा लिहिलाय. पेशंट ‘रीकॉम्पेन्सेट’ झाला असं म्हणायचं असेल तर पहिली अट: मूळ कारण दूर झालेलं, दबलेलं किंवा बरं झालेलं हवं. मग औषधांशिवाय जलोदर आणि एन्सेफॅलोपॅथी नसणं, किमान १२ महिने रक्तस्राव नसणं, आणि यकृताचं काम टिकून सुधारलेलं असणं. २००६ च्या आकृतीतले बाण एकाच दिशेने जात होते. आता उलटा बाणही काढावा लागतो.

आपल्याकडे याचं काय?

भारतातल्या ११ रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात यकृताच्या दीर्घ आजाराचं नव्याने निदान झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक डीकॉम्पेन्सेटेड अवस्थेतच आले होते, आणि सिरॉसिसच्या कारणांत दारू सगळ्यात पुढे होती. म्हणजे आपल्या ओपीडीतला पेशंट पालेर्मोपेक्षा डॅनिश चित्राच्या जवळ असण्याची शक्यता जास्त. पण डेन्मार्कचे आकडेही जसेच्या तसे उचलू नका. तिथे दर पेशंटचा पाठपुरावा सरकारी नोंदींतून होतो, आपल्याकडे दुसऱ्या व्हिजिटला माणूस येईलच याची खात्री नसते.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर हिशोब बघा. समजा तुमच्या अभ्यासाला दोन वर्षांत डीकॉम्पेन्सेशनच्या ६० घटना हव्यात. २००६ च्या पेपरप्रमाणे कॉम्पेन्सेटेडमधून डीकॉम्पेन्सेटेडकडे जाण्याचा वेग वर्षाला ५ ते ७ टक्के. ६ धरला तर सुमारे ५१५ पेशंट लागतील. तुमचे पेशंट हळू पुढे जाणारे असले, वर्षाला ३ टक्के, तर हजाराहून जास्त. वेगाने जाणारे असले, वर्षाला १५ टक्के, तर २१६ पुरतील. (३ आणि १५ हे मी समजण्यासाठी धरलेत.) एका चुकीच्या टक्क्याने पीएचडीची दोन वर्षं वाढू शकतात. किंवा त्याहून वाईट, अभ्यास पूर्ण होऊनही काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून आता कुठलाही ‘नैसर्गिक प्रवास’ सांगणारा पेपर हातात आला की मी पाच प्रश्न वहीत लिहिते:

१. आकडा नेमका कुठल्या पेशंटमधून आला? (सारांश नाही, तक्ता बघा.)
२. कारणांचं मिश्रण काय होतं, आणि त्या काळात ते ओळखता येत होतं का?
३. घड्याळ कधी सुरू झालं?
४. कारण चालू होतं की थांबवलं होतं?
५. मृत्यू ‘थेट’ मोजलाय की ‘कुठल्याही वाटेने’?

माझी सिनॉप्सिस दुसऱ्यांदा गेली तेव्हा पेशंट कारणानुसार तीन गटांत होते, आणि दारू किंवा विषाणू चालू आहे का याची नोंद दर व्हिजिटला होणार होती. मॅडमनी ‘एक टक्का’ कुठे गेला ते विचारलं नाही. सॅम्पल साइझचं पान उघडलं, गणित स्वतः पुन्हा करून पाहिलं आणि सही केली.

पुढच्या पोस्टमध्ये स्पर्धक जोखमींची पद्धत एका छोट्या उदाहरणातून, कागद-पेन्सिल घेऊन करून बघू. तोवर २०१४ चा पेपर वाचून ठेवा. आणि सारांशावर थांबू नका.